देवाच्या घरात पाहुणी की लेक?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्या घरात येशूवर विश्वास ठेवणारी मी एकटीच. बाप्तिस्मा घ्यायचं पक्कं केलं आहे. मंडळीत मात्र बहुतेकांची घराणी पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती. त्यांच्या बोलण्यात आजोबा-पणजोबा येतात, माझ्याकडे सांगायला काही नाही. बायबल उघडावं तर तिथेही अब्राहामाची संतती, याकोबाचं घराणं, पानभर वंशावळी. यात मी कुठे बसते? देवाच्या घरात मी लेक की कायमची पाहुणी? आणि बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदलावं लागतं का?"

पाळक म्हणून बरीच वर्षं मी बाप्तिस्म्याच्या उमेदवारांची तयारी करून घेतो आहे. हा प्रश्न दर खेपेला कुणीतरी विचारतंच, बहुधा शेवटच्या बैठकीत, बाकीचे उठून गेल्यावर. म्हणून आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. तुम्ही लेक आहात, आणि सावत्र नाही. ज्या वंशावळी वाचून तुम्हाला दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटतं, त्याच तुमच्या बाजूने बोलतात. मात्र त्या सावकाश वाचाव्या लागतात, आणि आपण त्या पानांवरून नेमकी उडी मारतो.

पहिल्या बैठकीत मी सगळ्यांना वही-पेन घेऊन एक हिशेब करायला लावतो. उत्पत्तीच्या 12 व्या अध्यायात अब्राम (यालाच देवाने पुढे अब्राहाम हे नाव दिलं) हारान शहर सोडतो तेव्हा तो 75 वर्षांचा आहे. 15 व्या अध्यायात देव त्याला रात्री बाहेर नेऊन तारे दाखवतो आणि तुझी संतती अशी होईल म्हणतो. अब्राम विश्वास ठेवतो, आणि देव तो विश्वास त्याच्या खाती नीतिमत्त्व म्हणून मांडतो. त्या रात्री त्याला एकही मूल नाही. 16 व्या अध्यायाच्या शेवटी बायकोच्या दासीपासून, हागारेपासून, इश्माएल जन्मतो तेव्हा बापाचं वय 86. सुंतेचा करार येतो 17 व्या अध्यायात, तेव्हा तो 99 वर्षांचा. आता वजाबाकी करा. देवाने त्याला नीतिमान मानलं त्याला सुंतेच्या वेळी निदान 13 वर्षं उलटून गेली होती. मोशेचं नियमशास्त्र तर, गलतीकरांच्या पत्रात प्रेषित पौल सांगतो त्याप्रमाणे, अभिवचनानंतर 430 वर्षांनी आलं.

रोमकरांस पत्राचा 4 था अध्याय या वजाबाकीवरच उभा आहे. पौल विचारतो, हे कधी घडलं, सुंता झाल्यावर की होण्याआधी? आधी. म्हणजे ताऱ्यांखाली उभा असलेला तो म्हातारा, पुढच्या काळातल्या यहूदी मोजमापाने पाहिलं तर, परराष्ट्रीयच, म्हणजे यहूदी नसलेलाच होता. म्हणून तो सुंता झालेल्यांचा बाप तर आहेच, पण सुंता न होता विश्वास ठेवणाऱ्यांचाही आहे, आणि क्रम लावायचाच तर या दुसऱ्यांचा तो आधी बाप झाला. मी स्वतः पाळकाच्या घरात वाढलो. हा अध्याय लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण ही वजाबाकी कागदावर करून पाहिली तेव्हा मी तिशी ओलांडली होती.

आता यहोशवाचा 24 वा अध्याय काढा. मोशेनंतर इस्राएलाचा पुढारी झालेला म्हातारा यहोशवा सगळ्या वंशांना गोळा करतो आणि त्यांच्या घराण्याचा इतिहास सांगायला लागतो. सुरुवात काय? तुमचे पूर्वज, अब्राहामाचा बाप तेरह, नदीपलीकडे राहत आणि दुसऱ्या देवांची सेवा करत. वंशाचा अभिमान चढावा असं हे वाक्य नाही. इस्राएलाचा मूळ पुरुष स्वतः पहिल्या पिढीचा विश्वासी होता. आईबापांकडून या देवाची ओळख त्याला मिळालेली नव्हती, आणि 'आमच्या आजोबांपासून' असं म्हणायची सोय त्याला नव्हती. तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथूनच तो निघाला. पुढे हजारो वर्षं लोक ज्याला अभिमानाने 'आमचा बाप अब्राहाम' म्हणत आले, तो मंडळीत आला असता तर तुमच्याच बाकावर येऊन बसला असता.

(इथे एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो, कारण याचा भलता अर्थ काढलेला मी पाहिला आहे. अब्राहामाला बापाचं घर सोडायला सांगितलं म्हणून तुम्हीही आपल्या माणसांशी नातं तोडायचं, असं यातून निघत नाही. देवाच्या नावाने दान वाहिलं असं सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना येशूने मार्काच्या 7 व्या अध्यायात चांगलंच झापलं आहे.)

वंशाचा मुद्दा पुढे आणखी गुंतागुंतीचा होतो. ज्या दिवशी सुंतेचा करार झाला त्याच दिवशी अब्राहामाने घरातल्या सगळ्या पुरुषांची सुंता केली. त्यांत घरी जन्मलेले दास होते, तसेच परक्यांकडून पैसे देऊन घेतलेलेही. या घरात लढायला नेता येतील असे 318 पुरुष होते हे 14 व्या अध्यायात येऊन गेलं आहे. म्हणजे कराराची खूण अंगावर घेणाऱ्या त्या पहिल्या घोळक्यात अब्राहामाच्या रक्ताचा सोडा, नात्याचाही नसलेला माणूस संख्येने कितीतरी जास्त होता. उलट इश्माएल पोटचा पोर, 13 वर्षांचा, त्याचीही त्याच दिवशी सुंता झाली, देवाने त्याला आशीर्वादही दिला. पण अभिवचनाची वाट मात्र अजून न जन्मलेल्या इसहाकातून गेली. इसहाकाची आई सारा गेल्यावर अब्राहामाला दुसऱ्या बायकोपासून, कटूरेपासून आणखी सहा मुलगे झाले. आठ मुलगे, सगळ्यांचा बाप एकच, आणि अभिवचन एकाकडे. त्या एकाला पुढे जुळे झाले, एसाव आणि याकोब. तिथे तर आईही एक, दिवसही एक, तरी वाटा दोन. पौल रोम 9 मध्ये एवढंच दाखवतो की नुसत्या रक्ताने काम भागत असतं तर ही गोष्ट पहिल्या दोन पिढ्यांतच वेगळी झाली असती.

मिसरातून इस्राएल निघालं तेव्हा त्यांच्याबरोबर मोठा मिश्र समुदाय निघाला असं निर्गमात आहे. कालेब हा यहूदा वंशाचा सरदार म्हणून देशाची पाहणी करायला जातो, पण त्याला 'कनिज्जी' म्हटलं आहे, आणि हे नाव मूळचं बाहेरच्या लोकांचं दिसतं. अशी उदाहरणं बरीच आहेत, सगळी सांगत बसत नाही.

मत्तयाच्या पहिल्या अध्यायावर मात्र थांबायला हवं, कारण तुमची तक्रारच वंशावळींबद्दल आहे. त्या यादीत पुरुषांची नावं रांगेने येतात आणि मध्येच चार बायका येतात. सारा, रिबका, राहेल या घराण्याच्या मूळ मातांची नावं अपेक्षित होती, त्यांतलं एकही नाही. आहेत त्या तामार, राहाब, रूथ आणि 'उरीयाची बायको'. राहाब यरीहोची कनानी, आणि तिचा धंदा काय होता हे सगळ्यांना ठाऊक. रूथ मवाबी, आणि मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ द्यायचं नाही असं अनुवादाच्या 23 व्या अध्यायात लिहिलेलं. ती दाविदाची पणजी झाली. उरीया हित्ती होता. मत्तय बथशेबाचं नाव न घेता तिच्या परक्या नवऱ्याचं नाव घेतो, म्हणजे वाचणाऱ्याने तिथे अडखळावं अशीच त्याची इच्छा असणार. घराण्याची यादी लिहिताना लोक अशी नावं झाकतात. मत्तयाने ती काढून वर ठेवली.

शेवटच्या ओळीत तर तो आणखी पुढे जातो. अब्राहामापासून दाविदापर्यंत, दाविदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत, बंदिवासापासून पुढे, असा 'याला तो झाला' करत धागा योसेफापर्यंत येतो आणि तिथे तुटतो. कारण लगेच पुढे मत्तयच सांगतो की येशू योसेफापासून झाला नाही. मग ही सगळी यादी कशासाठी? देवदूत योसेफाला 'दाविदाच्या पुत्रा' म्हणून हाक मारतो आणि मुलाचं नाव तू ठेव म्हणतो. योसेफ उठतो, मरियेला घरी आणतो, नाव ठेवतो. बाप म्हणून नाव ठेवणं म्हणजे पोराला आपलं म्हणणं. मत्तयाच्या मांडणीत येशूला दाविदाचं घराणं मिळतं ते असं, योसेफाने त्याला आपलं म्हटलं म्हणून. हे लक्षात आल्यापासून मला ही वंशावळ कंटाळवाणी वाटलेली नाही.

येशूच्या काळात 'आम्ही अब्राहामाची मुलं' हे वाक्य खिशातल्या ओळखपत्रासारखं झालं होतं. योहान बाप्तिस्मा करणारा यार्देनेवर त्यावरच पहिला घाव घालतो: देव या दगडांतूनही अब्राहामाला मुलं उठवील. इब्रीत मुलगा म्हणजे 'बेन' आणि दगड म्हणजे 'एवेन', त्यामुळे पुष्कळ अभ्यासकांना इथे शब्दांचा खेळ ऐकू येतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 8 व्या अध्यायात हाच वाद येशूबरोबर होतो. तुम्ही अब्राहामाचा वंश आहात हे मला माहीत आहे, असं तो आधी मान्यच करतो. रक्ताबद्दल त्याचं काही म्हणणं नाही. मग विचारतो, अब्राहामाची मुलं असता तर अब्राहामासारखं का वागत नाही?

लूकाच्या 16 व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला श्रीमंत मनुष्य मात्र मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. तो अधोलोकातून हाक मारतो, 'हे बापा अब्राहामा'. अब्राहाम नातं नाकारत नाही, 'मुला' असंच उत्तर देतो. बाप-लेकाचं संबोधन दोन्ही बाजूंनी शाबूत आहे आणि मध्ये ओलांडता न येणारी दरी आहे. वंश खरा होता, कामाला आला नाही. पिढीजात ख्रिस्ती घरातल्या उमेदवारांकडून मी ही गोष्ट नेहमी मोठ्याने वाचून घेतो. तुमच्यासारख्यांसाठी मात्र लूकाचाच 19 वा अध्याय आहे. जक्कय जन्माने यहूदी, पण जकातदार म्हणून लोकांनी त्याला बाहेर काढल्यातच जमा केलं होतं. येशू त्याच्या घरी जातो आणि म्हणतो, हाही अब्राहामाचा पुत्र आहे. नाव तेच, पण ते कोण कुणाला देतो आहे ते पाहा.

आता पौलाने वापरलेल्या 'दत्तक' या शब्दाकडे येतो, कारण तुमच्या 'लेक की पाहुणी' या प्रश्नाचा कणा तो आहे. मूळ ग्रीक शब्द ह्युइओथेसिया. नव्या करारात तो पाच वेळा येतो आणि पाचही वेळा पौलाच्या पत्रांत: रोममध्ये तीनदा, गलतीमध्ये एकदा, इफिसमध्ये एकदा. आपल्या कानाला 'दत्तक' म्हटलं की जरा उणं ऐकू येतं. सख्खं नाही, म्हणून दत्तक. रोमच्या वाचकाला तसं ऐकू येत नव्हतं. तिथे दत्तक घेतले जाणारे बहुतेक वेळा मोठी माणसंच असत, वारस हवा म्हणून घेतलेली. दत्तक गेलेला जुन्या बापाच्या अधिकारातून सुटून नव्या बापाच्या अधिकाराखाली येई आणि पोटच्या मुलाइतकाच वारस होई. ऑगस्टसला यूलियस कैसराने इ.स.पू. 44 मध्ये, मरणानंतर उघडलेल्या मृत्युपत्राने मुलगा केलं. ऑगस्टसने पुढे तिबेर्याला दत्तक घेतलं. आणि पौलाने रोमकरांना पत्र लिहिलं तेव्हा, म्हणजे इ.स. 57 च्या सुमारास, गादीवर नीरो होता, तो क्लौद्याचा दत्तक मुलगा. क्लौद्याला स्वतःचा मुलगा होता, ब्रितानिकस. तो बाजूला राहिला आणि दत्तक मुलगा सम्राट झाला. ज्या शहरात हे लोकांनी नुकतंच डोळ्यांनी पाहिलं, तिथे पौल लिहितो, तुम्हाला दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, त्याच्या योगे आपण 'अब्बा, बापा' अशी हाक मारतो. मुलं आहोत तर वारसही आहोत, ख्रिस्ताबरोबर सोबतीचे वारस.

तुम्ही स्त्री आहात म्हणून आणखी एक. पौल इथे 'पुत्र' म्हणतो त्याने बिचकू नका. त्या काळी वारसा म्हटला की पहिला विचार मुलाचाच होई, आणि पौल स्त्री-पुरुष सगळ्यांना तोच दर्जा लावतो. गलती 3 मध्ये आधी तो तुम्ही सर्व विश्वासाच्या द्वारे देवाचे पुत्र आहात असं लिहितो, आणि दोनच ओळींनंतर यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत असं म्हणतो. त्याच परिच्छेदाचा शेवट तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे: तुम्ही ख्रिस्ताचे आहात तर अब्राहामाची संतती आहात, आणि अभिवचनाप्रमाणे वारस आहात.

हे वाक्य सहज सुचलेलं नाही, त्यामागे एक भांडण आहे, आणि ते भांडण पंगतीवरून झालं. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब (हा इसहाकाचा मुलगा नव्हे) याच्याकडची काही माणसं आली तसा तो हळूच मागे सरला आणि वेगळा बसू लागला. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्यात ओढला गेला. हाच तो पेत्र, ज्याने कैसरीयात कर्नेल्य या परराष्ट्रीय शताधिपतीच्या घरी पवित्र आत्मा उतरताना पाहिला होता. त्याने शिकवण बदलली नव्हती. कुणी विचारलं असतं तर तारण विश्वासाने होतं असंच त्याने सांगितलं असतं. फक्त बसायची जागा बदलली. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं, कारण त्याच्या मते बसायची जागा बदलली की सुवार्ताही बदलते. इतक्या वर्षांनंतर माझंही तेच मत आहे. कुठल्याही मंडळीचं खरं मत विश्वासाच्या कलमांपेक्षा कोण कुणाशेजारी बसतं यावरून लवकर कळतं.

इफिसकरांच्या पत्रात 'मधली आडभिंत' पाडल्याचं येतं, तिचाही एक पत्ता आहे. यरुशलेमेच्या मंदिरात परराष्ट्रीयांनी कुठवर यावं हे दाखवणारं एक बुटकं दगडी कुंपण होतं आणि त्यावर इशाऱ्याच्या पाट्या होत्या. त्यांतली ग्रीक भाषेतली एक 1871 मध्ये सापडली. ती आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. मजकूर सरळ आहे: परक्याने या कुंपणाच्या आत येऊ नये, जो सापडेल त्याच्या मरणाला तोच जबाबदार. प्रेषितांच्या 21 व्या अध्यायात पौलाला जमाव ठार मारायला निघतो तो याच संशयावरून, की त्याने त्रफिम नावाच्या एका परराष्ट्रीयाला आत नेलं. त्रफिम कुठला होता? इफिसचा. इफिसकरांच्या मंडळीने 'भिंत पाडली' हे शब्द ऐकले तेव्हा त्यांना ती भिंत कोणती आणि आपला कोणता माणूस तिच्यापाशी अडकला होता हे सांगावं लागलं नसेल.

हे सगळं इतकं स्पष्ट असूनही चर्चमध्ये वंश मागच्या दाराने पुन्हा पुन्हा शिरला, हे लपवून मी तुम्हाला बाप्तिस्म्याला उभं करणार नाही. 1449 मध्ये स्पेनमधल्या तोलेदो शहराने नियम केला की यहूदी वंशातून ख्रिस्ती झालेल्यांना शहरात अधिकारपदं नाहीत. मुद्दा 'रक्ताच्या शुद्धतेचा'. पोप निकोलस पाचवे यांनी त्याच वर्षी त्याचा निषेध केला, तरी असे नियम पुढे स्पेनभर पसरले. येशू संघाने (जेझुइटांनी) 1593 मध्ये यहूदी वा मुसलमान वंशातून आलेल्यांना प्रवेशबंदी केली; वंशाची अट पूर्णपणे गेली ती 1946 मध्ये. दक्षिण आफ्रिकेत 1857 साली डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडने, म्हणजे धर्मसभेने, 'काहींच्या दुर्बळपणामुळे' वेगळ्या उपासनेला मुभा दिली, आणि ती सवलत वाढत वाढत वेगवेगळी चर्चं झाली. 1933 मध्ये जर्मनीत प्रशियाच्या प्रॉटेस्टंट चर्चने यहूदी वंशाच्या पाळकांना काढण्याचं कलम स्वीकारलं, तेव्हा मार्टिन नीमोलर यांनी पाळकांचा संघ उभा केला. त्यांचं म्हणणं असं होतं की बाप्तिस्मा झालेल्या माणसाला त्याच्या आजीवरून बाहेर काढणं म्हणजे बाप्तिस्माच नाकारणं. तुम्हाला मंडळीत जे बोचतं ते या प्रकरणांपुढे फार लहान आहे हे मला कळतं. जात मात्र तीच.

दुसऱ्या बाजूनेही घसरता येतं. आम्ही विश्वासाने आत आलो, म्हणजे देवाने इस्राएलाला टाकलं, असं म्हणायची खुमखुमी परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांना फार जुनी आहे, आणि तिच्यापायी यहूद्यांना काय काय भोगावं लागलं ते जगाला ठाऊक आहे. रोम 11 मध्ये पौल जैतुनाच्या झाडाचं उदाहरण देतो. शेतकरी चांगल्या जातीची फांदी रानटी खोडावर बांधतो. पौल उलट सांगतो, रानटी फांदी चांगल्या झाडावर कलम केली, आणि हे निसर्गाविरुद्ध आहे असं स्वतःच कबूल करतो. मग कलम झालेल्या फांदीला बजावतो, तोरा मिरवू नकोस, मुळाला तू उचलून धरलेलं नाहीस, मुळाने तुला धरलं आहे. इस्राएलाचं पुढे काय, यावर ख्रिस्ती लोकांत आजही मतं वेगळी आहेत. पण देवाची कृपादानं आणि पाचारण तो परत घेत नाही, हे त्याच अध्यायातलं वाक्य कुणालाही ओलांडता येत नाही.

आता विश्वास म्हणजे नेमकं काय, हे न सांगता थांबलो तर तुम्ही घरी जाऊन आपला विश्वास मोजत बसाल. माझी स्वतःची एक चूक सांगतो. सेवेच्या सुरुवातीला नव्याने विश्वासात आलेल्यांना मी वारंवार उपासनेत साक्ष द्यायला उभं करत असे. मला ते कौतुक वाटे. जुन्या घराण्यांतल्यांना कधी विचारत नसे, त्यांचं काय सांगायचं असतं, असं मनात. एक बाई चारपाच वर्षांत सहासात वेळा उभ्या राहिल्या असतील. पुढच्या वेळी विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "पाळकसाहेब, मी आत आले हे अजून किती वर्षं सिद्ध करायचं?" मी काय करत होतो ते तेव्हा कळलं. कुळाच्या दाखल्याऐवजी अनुभवाचा दाखला मागत होतो, आणि तोही फक्त काहींकडून. त्यानंतर साक्ष मागितलीच तर सगळ्यांकडे मागतो. तिसऱ्या पिढीतले लोक पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, आणि ते त्यांच्या भल्याचंच झालं.

विश्वास हा देवापुढे ठेवायचा गुणपत्रक नाही. अब्राहामाचंच पाहा. 15 व्या अध्यायात विश्वास ठेवला, 16 व्यात धीर सुटून हागारेचा मार्ग काढला, 17 व्यात देवाचं अभिवचन ऐकून पालथा पडून हसला, 20 व्यात जीव वाचवायला बायकोला बहीण म्हणाला. तरी त्याच्या खाती मांडलेलं देवाने खोडलं नाही. मार्काच्या 9 व्या अध्यायातला बाप एका दमात म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूने त्याला आधी ठरव आणि मग ये, असं सांगितलं नाही, मुलाला बरं केलं. विश्वास म्हणजे देव जे देतो आहे ते हात पुढे करून घेणं. कुणाचा हात थरथरतो, कुणाचा नाही. योहान आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात म्हणतो की ज्यांनी येशूला स्वीकारलं त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार मिळाला, आणि त्यांचा जन्म रक्तापासून नाही, देहाच्या इच्छेपासून नाही, पुरुषाच्या इच्छेपासून नाही, देवापासून आहे. जन्म घेणाऱ्याची त्यात कर्तबगारी कसली?

मग ख्रिस्ती घरात जन्म होण्याला काहीच किंमत नाही का? आहे. 'देवाला लेकरं असतात, नातवंडं नसतात' हे वाक्य मंडळ्यांत फार फिरतं. त्यात चूक नाही, पण ते ऐकून घरच्या शिकवणीची टिंगल होते, ती मला पटत नाही. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता हे पौल आदराने लिहितो. बाळांना बाप्तिस्मा द्यावा की विश्वास कबूल केल्यावरच, यावर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन एकीकडे आणि बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल दुसरीकडे आहेत. पण आपण विश्वास न ठेवता नुसत्या घराण्यावर तरून जाऊ असं दोन्हीकडे कुणी शिकवत नाही. उद्या तुम्हाला मुलं झाली तर त्यांच्यासाठी लोईस तुम्हीच, एवढं लक्षात ठेवा.

राहिला नावाचा प्रश्न. नाही, बदलावं लागत नाही. शौलाचा पौल झाला तो दिमिष्कच्या वाटेवर, असं बरेच जण सांगतात, पण प्रेषितांच्या 9 व्या अध्यायात तसं काही नाही. 'शौल, ज्याला पौलही म्हणत' असा उल्लेख येतो तो 13 व्या अध्यायात, कुप्र बेटावर, बऱ्याच वर्षांनी. दोन्ही नावं त्याचीच होती. आणि पहिल्या मंडळ्यांतली माणसं पाहा. अपुल्लोस हे नाव अपोलो देवावरून आलेलं. एपफ्रदीत अफ्रोदिती देवीवरून. अथेनैतला दिओनुस्य मद्याच्या देवावरून. रोम 16 मध्ये पौल ज्यांना नमस्कार सांगतो त्यांत एक हर्मेस आहे, ते तर देवाचं नाव जसंच्या तसं. नीरिय हेही समुद्रदेवाचं. आणि त्या अध्यायाची सुरुवात जिच्या शिफारशीने होते, जी बहुधा हे पत्र घेऊन रोमला गेली, ती फिबी, तिचं नावही ग्रीक पुराणातलं. ज्या पत्रात अब्राहाम आपणा सर्वांचा बाप आहे असं लिहिलं आहे, ते पत्र तिच्या हातात होतं. पौलाने तिला नाव बदलायला सांगितलं नाही. 'आपली बहीण फिबी' असं लिहिलं.

फॉर्मवर तुमचं आहे तेच नाव लिहा.